३८४ फॉर्म आणि सड्यावरची रेंज

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम गुहागर तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवतात, रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक (शंका सोडवणाऱ्या शिक्षिका) म्हणून बसतात आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ला नुकत्याच लागल्या आहेत. विषय ठरलाय, 'रत्नागिरी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांवर ऑनलाइन शिक्षणाच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. मार्गदर्शक म्हणतात, ३८४ जणांना गुगल फॉर्म पाठवा, टी-टेस्ट लावा, काम झालं. मॅडमना विचारायचंय की एवढं पुरेल का, आणि जोडीला ऑनलाइन शिकलेला एक गट आणि वर्गात शिकलेला एक गट घेऊन तुलना केली तर प्रबंधाला वजन येईल का.

पदवीपुरतं विचाराल तर पुरेल. वजनाचं विचाराल तर तुलनेने ते येणार नाही, उलट जाईल.

मी सिंधुदुर्गात वीसेक वर्षं अभ्यासकेंद्र सांभाळलं. स्वतःची पीएच.डी. पन्नाशीला टेकल्यावर केली, आणि तुम्ही जे करायला निघालात ते आधी करून तोंडावर आपटलो होतो. त्यामुळे खालचं बरंचसं पुस्तकातलं कमी आणि एसटीच्या प्रवासातलं जास्त आहे.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण तुम्ही विचारलंय एक आणि अडलंय दुसरंच. तुम्ही विचारताय, नमुना किती घेऊ. खरी अडचण ही की शोधायचं काय ते अजून ठरलेलंच नाही. 'परिणामकारकता' हा शब्द शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, टाकून बघा, प्रबंधांची रांग संपायची नाही. हा शब्द इतका घासला गेलाय की त्याला धार उरलेली नाही. परिणाम कशावर? मार्कांवर? परीक्षेला बसण्यावर? तीन वर्षांनी पदवी हाती पडण्यावर? की मुंबईत नोकरी लागण्यावर? यातलं प्रत्येक मोजायची रीत वेगळी, आणि गुगल फॉर्मवर यातलं एकही नीट मोजता येत नाही. फॉर्मवर मोजलं जातं ते एवढंच, की फॉर्म भरताना माणसाला काय बरं वाटलं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करतो. तुमच्या हाताशी वेळ किती आहे (यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं धरलीत), मार्गदर्शक कितपत ऐकून घेणारे आहेत, केंद्राच्या कपाटातलं जुनं दप्तर तुम्हाला बघायला मिळतं का, यावर पुढचं सगळं ठरेल. मी गृहीत धरतो की दप्तर मिळतं. नसेल मिळत तर पहिले दोन महिने ते मिळवण्यातच घाला.

आणखी एक ठरवा. 'ऑनलाइन शिक्षण' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण आहे? टाळेबंदीत झूमवर बसवलेली तुमच्या कॉलेजची मुलं, की रविवारी केंद्रावर येणारी, बाकीचा आठवडा घरी पुस्तक आणि मोबाइल घेऊन झगडणारी मोठी माणसं? या दोन जाती वेगळ्या आहेत. मार्च २०२०मध्येच चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लिहून ठेवलं होतं, की नीट आखून, बरेच महिने तयारी करून उभं केलेलं ऑनलाइन शिक्षण वेगळं आणि संकटात वर्ग उचलून पडद्यावर ठेवणं वेगळं, दुसऱ्यावरून पहिल्याची पारख करू नका. आपल्याकडे तर संकटावर संकट होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने मंडणगड-दापोली झोडपलं, मे २०२१मध्ये तौक्ते आलं, २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या दीड वर्षाचे आकडे घेऊन 'ऑनलाइन शिक्षण फसलं' असं लिहिणं म्हणजे वादळात होडी बुडाली म्हणून ती बांधणाऱ्या सुताराला नापास करणं.

म्हणून माझा सल्ला, टाळेबंदी सोडून द्या. तिच्यावर भरपूर लिहून झालंय. तुमच्याजवळ जे दुसऱ्या कुणाजवळ नाही ते म्हणजे रविवारचं केंद्र.

आता तुलनेचं. 'दुरून शिकणं चांगलं की वर्गात' हा प्रश्न संशोधकांनी जवळजवळ शंभर वर्षं चघळलाय. थॉमस रसेल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९२८पासूनचे असे ३५५ अभ्यास गोळा करून १९९९मध्ये पुस्तक काढलं. बहुतेकांचा निष्कर्ष एकच, लक्षणीय फरक नाही. पुस्तकाचं नावही तेच. टपाल असो, रेडिओ असो, टीव्ही असो, फरक नाही. त्याच्या आधी १९८३मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी यामागचं कारण एका उपमेत सांगून टाकलं होतं: किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, बदलतं ते आत काय भरलंय त्यामुळे. माध्यम म्हणजे ट्रक. रॉबर्ट कोझमा यांनी त्यांना उलट उत्तर दिलं, माध्यमाचे स्वतःचे असे गुण असतात म्हणून. तो वाद वाचण्यासारखा आहे, जरूर वाचा. पण त्यात उडी घेऊ नका.

पुढे अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी बार्बरा मीन्स यांच्या गटाने १९९६ ते २००८ या काळातले हजारावर अभ्यास चाळले. कसोटीला उतरले ते जेमतेम पन्नासेक. त्यांत वर्ग आणि ऑनलाइन दोन्ही मिसळून शिकलेली मुलं जरा पुढे निघाली. आपल्याकडच्या प्रबंधांत हे वाक्य इथेच तोडून वापरतात. त्याच अहवालात पुढे बजावलंय की त्या मुलांना अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळालं होतं, तेव्हा श्रेय माध्यमाला देऊ नका.

तुमच्या दोन गटांचंही हेच होणार. रोज कॉलेजात येणारी एकोणीस वर्षांची मुलगी आणि दोन पोरं सांभाळून बी.ए. करणारी छत्तीस वर्षांची बाई यांच्या मार्कांत फरक निघाला, तर तो मोबाइलमुळे की वयामुळे, की घरी आयता डबा मिळण्यामुळे? टी-टेस्ट यातलं काहीच सांगत नाही. ती दोन सरासऱ्यांत फरक आहे का एवढं सांगते, बिचारी. तिचा दोष नाही.

मग ते ३८४. हा आकडा कुठून येतो हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात आणि हमखास सांगता येत नाही. क्रेझी आणि मॉर्गन यांनी १९७०मध्ये नमुना किती घ्यावा याचा एक तक्ता छापला. ज्यांचा अभ्यास करायचाय त्यांची एकूण संख्या लाखाच्या पुढे गेली की नमुना ३८४वर थांबतो. पण त्याच तक्त्यात ३०० माणसांना १६९ आणि १०० माणसांना ८० लागतात. म्हणजे लहान गटात बहुतेक सगळेच घ्यावे लागतात. दुसरं, तो तक्ता गृहीत धरतो की माणसं चिठ्ठ्या टाकून, कुणालाही समान संधी देऊन निवडली आहेत. तुम्ही आठ कॉलेजांतून प्रत्येकी ४८ जण घेतलेत तर एका कॉलेजातली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच सर, तीच एसटी, तोच टॉवर. हे सारखेपण दहा टक्के जरी धरलं तरी तुमच्या ३८४ जणांचं संख्याशास्त्रीय वजन साधारण ६७ माणसांइतकं उरतं. हिशेब सोपा आहे. ४८मधून एक वजा केला, ०.१ने गुणलं, त्यात एक मिळवला की ५.७ येतात, आणि ३८४ला ५.७ने भागायचं. मार्गदर्शकांना हा हिशेब दाखवा, पण चहा झाल्यावर.

तरी हा दोष लहान आहे. मोठा दोष माझ्या बाबतीत काय झाला ते सांगतो.

मी केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी भरला. समाधान, उपयुक्तता, आत्मविश्वास, सगळीकडे 'सहमत' आणि 'पूर्णपणे सहमत'. मी रंगीत आलेख काढले आणि एका परिषदेत वाचले. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "ज्यांनी फॉर्म भरला नाही ते कुठे आहेत?" मी म्हटलं, "ते इनॲक्टिव्ह आहेत, सर." सभागृह हसलं. कुणाला हसलं ते मला परतीच्या गाडीत कळलं.

पुढचे सहा महिने मी त्या 'इनॲक्टिव्ह' लोकांना शोधत फिरलो. एक मुलगा ट्रॉलरवर खलाशी होता. होडी आठ-आठ दिवस बाहेर, किनारा दिसेनासा झाला की रेंज गेली. एकीचं लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली होती, सिमकार्ड बदललं होतं, आमच्या वहीत जुना नंबर. दोघांनी चक्क सांगितलं, पुस्तकं आली तेव्हा आंब्याच्या पेट्या भरायचं काम चालू होतं, मग राहिलंच. आणि एक अंगणवाडी मदतनीस. हुशार बाई, बारावी न झालेल्यांसाठीची पूर्वतयारी परीक्षा चांगल्या मार्कांनी पार करून आलेल्या. त्यांचं घर आमच्या केंद्रापासून पाच-सहा किलोमीटरवर, पण खाली बागेत, डोंगराच्या कुशीत. वर सडा, म्हणजे माथ्यावरचं उघडं कातळाचं पठार. मी विचारलं, ऑनलाइन सत्राला का नाही येत? त्या म्हणाल्या, "रेंज होयी तर सड्यार जावचा लागता. तिनसांजेक एकटी बाईलमाणूस सड्यार खंय जातली?"

सत्राची वेळ आम्ही संध्याकाळी सातची ठेवली होती. नोकरदारांच्या सोयीसाठी.

माझ्या प्रबंधाचा विषय त्या दिवशी बदलला. रेंज आहे की नाही, फोन आहे की नाही, हे प्रश्न मी फॉर्ममध्ये विचारले होते. त्या बाईंनी भरला असता तर दोन्हीकडे 'होय' आलं असतं. फोन होता, नवऱ्याचा, संध्याकाळी घरी यायचा. रेंज होती, सड्यावर. दोन्ही 'होय' मिळून उत्तर 'नाही' होतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्क्यांकडे संगणक. त्यानंतर स्वस्त डेटा सगळीकडे पोचला, आजचा आकडा कितीतरी मोठा असणार. पण कुटुंबात इंटरनेट आहे म्हणजे कुटुंबातल्या त्या बाईकडे, त्या वेळी, उभं राहायला सुरक्षित अशा जागी आहे, असं नाही. तेव्हा 'स्मार्टफोन आहे का' हा प्रश्न फेकून द्या. त्याऐवजी विचारा: फोन दिवसभर कुणाच्या हातात असतो, रिचार्ज कोण मारतं, व्हिडिओ अडकत असेल तर उठून कुठे जाता, तिथे पावसात काय करता. उत्तरं लांबलचक येतील. येऊ द्या.

इथे सिद्धांताची गरज लागते, आणि योग्य सिद्धांत हाताशी आहे. मायकेल मूर यांनी सत्तरच्या दशकापासून मांडलं की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरचं नसतं, समजुतीचं असतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती, अभ्यासक्रमाची चौकट किती आवळलेली, आणि शिकणाऱ्याला स्वतःच्या बळावर किती चालता येतं, या तिन्हींवर ते कमी-जास्त होतं. आमच्या मदतनीस बाई सहा किलोमीटरवर राहून लांब होत्या. मुंबईला नोकरी करणारा एक चाकरमानी विद्यार्थी लोकलमधून मला रोज मेसेज करायचा, तो जवळ होता. (गणपतीत तो प्रत्यक्ष भेटायला आला तेव्हा बोलायला काहीच सुचेना, तो भाग निराळा.) मूर यांची चौकट आपल्या किनाऱ्यावर लावली तर तिच्यात एक भर घालता येईल असं मला वाटतं. संवाद किती झाला यापेक्षा संवादाला जागा आणि वेळ कुणाच्या ताब्यातली होती, हे इथे निर्णायक ठरतं. ही भर तुम्ही घालू शकता.

गळतीवर लिहिताना सगळे व्हिन्सेंट टिंटो यांच्या १९७५च्या मॉडेलकडे धावतात. ते मॉडेल बरंचसं कॉलेजच्या आवारात वावरणाऱ्या तरुण मुलांसाठी आहे: मुलगा कॉलेजच्या जगात रुळतो की नाही, यावर त्याचं टिकणं ठरतं. तुमची माणसं रविवारी चार तास येतात, त्यातला एक तास जेवणाचा. ती कुठे रुळणार? बीन आणि मेट्झनर यांनी १९८५मध्ये वयाने मोठ्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेगळा विचार मांडला आणि तिथे पैसा, नोकरी, कुटुंब अशा बाहेरच्या गोष्टींना जास्त वजन दिलं. आपल्याला तेच लागू पडतं.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांची २०००ची चौकटही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. शिक्षकाची, सोबत्यांची आणि विचाराची उपस्थिती अशा तीन उपस्थिती, आणि त्यावरची ३४ विधानांची तयार प्रश्नावली. मोह पडतो. मीही भाषांतर करून वापरली. त्यात एक विधान आहे, इतरांशी मतभेद व्यक्त करताना मला अवघडल्यासारखं झालं नाही, अशा अर्थाचं. सगळ्यांनी 'पूर्णपणे सहमत'वर खूण केली. अवघडायचं कशाला? वर्षभरात कुणी कुणाशी एक शब्द बोललंच नव्हतं. तयार प्रश्नावली वापरायची तर आधी दहा जणांसमोर बसून प्रत्येक वाक्याचा त्यांना काय अर्थ लागतो ते ऐका. मराठी करा, दुसऱ्याकडून परत इंग्रजी करून घ्या, ताडून बघा. अल्फा (उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७च्या वर आला म्हणून प्रश्नावली अर्थपूर्ण झाली असं होत नाही. सगळे एकसारखं चुकीचं समजले तरी अल्फा झकास येतो.

शिवाय सरांनी किंवा मॅडमनी पाठवलेला फॉर्म म्हणजे सरांना खूश करायची संधी. इंटर्नलचे मार्क अजून लागायचेत हे विद्यार्थी विसरत नाही.

म्हणजे तुलना सोडायची, ३८४चा हट्ट सोडायचा, टाळेबंदी सोडायची. मग करायचं काय? मॅडम, कपाट उघडा.

केंद्रावर एका तुकडीचं सगळं दप्तर असतं: प्रवेशाची यादी, पुस्तकं नेल्याची सही, संमंत्रण सत्रांची हजेरी, जमा झालेले स्वाध्याय, परीक्षेचा फॉर्म, निकाल. हे एका ओळीत मांडा. समजा २०० जणांनी नाव घातलं, १८० पुस्तकं घेऊन गेले, ११० पहिल्या सत्राला आले, ७० जणांनी स्वाध्याय दिले, ६२ जणांनी परीक्षेचा फॉर्म भरला, ५५ बसले. (आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील.) आता वर्षअखेरीस फॉर्म फिरवलात तर तो पोचतो या ५५ जणांपर्यंत. त्यातले ५० समाधानी निघाले की तुम्ही लिहिणार, नव्वद टक्के विद्यार्थी समाधानी. नाव घातलेल्यांच्या हिशेबात ते पंचवीस टक्के आहेत. आणि सगळ्यात मोठी गळती कुठे झाली? पुस्तक हातात पडल्यापासून पहिल्या सत्रापर्यंत, म्हणजे शिकवण्याचा प्रश्न यायच्याही आधी. तिथे 'अध्यापनाची परिणामकारकता' मोजून काय मिळणार?

हे नवीन नाही आणि फक्त आपलंही नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, १९८२मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५मध्ये इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), १९८९मध्ये नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ. पत्रं गेली, कॅसेट आल्या, त्याही गेल्या, पण नाव घालून नाहीसा होणारा माणूस प्रत्येक काळात तोच राहिला. हार्वर्ड आणि एमआयटीचे फुकटचे ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या. जस्टिन राइक आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१९मध्ये दाखवलं की २०१७-१८ साली नाव घातलेल्यांपैकी तीन टक्क्यांच्या आसपासच लोकांनी ते पुरे केले. तिथे रेंजची अडचण नव्हती.

तेव्हा कोण कधी गळतं हे आठवड्यागणिक मांडा आणि त्याच्या शेजारी आपलं पंचांग ठेवा. विद्यापीठाचं नव्हे, गावाचं. मार्च ते मे आंबा. जूनच्या शेवटापासून लावणी. मग गणपती. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, आणि तुमच्याकडे नसले तरी आमच्याकडे दशावतारात काम करणारे विद्यार्थी होते. रात्रभर संकासुराला मारून सकाळी कोण स्वाध्याय लिहिणार? इग्नूच्या सत्रांत परीक्षा जूनला आणि डिसेंबरला येतात. जूनची परीक्षा भातवाल्याला अडचणीची, पण मासेमारीवाल्याला सोयीची, कारण जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात. डिसेंबरात नेमकं उलटं. एकाच तालुक्यात एकच वेळापत्रक दोन वाड्यांना दोन तऱ्हेने लागतं. 'ग्रामीण विद्यार्थी' असा एकच डबा केलात की हे सगळं झाकलं जातं. कोण किती काळ टिकलं हे मांडायला टिकाव-विश्लेषण (सर्व्हायव्हल ॲनालिसिस) म्हणून एक रीत आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि तुमच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या कुणालाही दोन दुपारींत शिकवता येईल.

एक सावधगिरी. सोडलेला आणि थांबलेला यांत फरक करा. मुक्त विद्यापीठात नोंदणी काही वर्षं जिवंत असते. बाळंतपणासाठी थांबलेली बाई दोन वर्षांनी परत येते, आणि तुम्ही तिला गळतीत धरून बसलेल्या असता.

ऑनलाइन लॉगवरही फार विसंबू नका. कोण कितीदा आलं, किती मिनिटं व्हिडिओ बघितला हे संगणक सांगतो आणि परदेशी लेखांत त्यावर सुंदर आलेख असतात. आमच्याकडे एक मुलगा बाजारात जाऊन व्हिडिओ उतरवून आणायचा आणि वाडीतल्या चौघींच्या फोनमध्ये टाकायचा. लॉगमध्ये एक दिसतो, शिकतात पाच. त्या चौघी निष्क्रिय, आणि त्यातली एक केंद्रात पहिली आली.

यादी झाली की गळलेल्यांपैकी वीस-पंचवीस जणांना प्रत्यक्ष भेटा. चिठ्ठ्या टाकून निवडू नका, प्रत्येक टप्प्यावर गळलेले थोडे थोडे घ्या, बायका-पुरुष, बाग-समुद्र-भात असे सगळे येतील असं बघा. फोनवर विचारलंत तर 'वेळ नाही मिळाला' एवढंच ऐकू येईल. पडवीत बसलं, कोकम सरबत झालं, की तासाभराने खरं कारण येतं. पण तुम्ही त्यांच्या मॅडम आहात, ही अडचण आहेच. अभ्यास सोडला याची लाज असते, समोर शिक्षिका बसली की ती दुप्पट होते. दुसऱ्या केंद्राच्या संमंत्रकाशी अदलाबदल करा, त्यांनी तुमचे विद्यार्थी भेटावेत, तुम्ही त्यांचे.

संमती लेखी घ्या, मराठीत, एका पानाची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झालाय, नंबरांची यादी पेन ड्राइव्हवर घेऊन फिरायचे दिवस गेले. आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. छोट्या गावात 'खालच्या वाडीतली अंगणवाडी मदतनीस' म्हटलं की सगळ्यांना कळतं. वरच्या बाईंचे दोन-तीन तपशील मीही म्हणूनच बदललेत.

मार्गदर्शकांचं काय करायचं, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. भांडू नका. सर्वेक्षण ठेवा, पण त्याला एक प्रकरण द्या, सगळा प्रबंध नको. म्हणा, सर, सर्वेक्षण करतेच, फक्त भरणारे कोण आणि न भरणारे कोण याची तुलना जोडते. तुलना त्यांना हवीच आहे, ती मिळेल, आणि टी-टेस्टही तिथे लागेल. संशोधन समितीपुढे शीर्षक बदलून घ्यायला फार उशीर करू नका. माझ्या डोक्यात असं काहीसं आहे: 'रत्नागिरी जिल्ह्यातील मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची पहिल्या वर्षातील गळती: टप्पे, हंगाम आणि कारणे'. मार्गदर्शकांना 'ऑनलाइन' शब्द हवाच असेल तर घाला कुठेतरी.

छापण्याची घाई करू नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती राहिली नाही आणि फेब्रुवारी २०२५मध्ये केअर यादीही, म्हणजे यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी, बंद झाली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा बघून घ्या. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणाऱ्यांचे मेल येतील, मलाही येतात, माझ्या एका विद्यार्थ्याने फसून पैसे भरले आणि वर्षभरात ते संकेतस्थळच गायब झालं. वाचायला मात्र कॅनडाच्या अथाबास्का विद्यापीठाचं दूरशिक्षणावरचं नियतकालिक घ्या. २०००पासूनचे सगळे अंक फुकट आहेत. त्यातच २००९मध्ये ओलाफ झवाकी-रिश्टर यांनी या क्षेत्रातल्या संशोधनाची विषयवार मांडणी केली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच नियतकालिकांतले ६९५ लेख तपासले तर निम्म्याहून जास्त लेख फक्त तीन विषयांवर निघाले: संवाद, अभ्यासक्रमाची रचना आणि शिकणाऱ्याचे गुणविशेष. शिक्षणाची संधी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हा विषय मागे पडलेला. तुमच्या पहिल्या प्रकरणात 'संशोधनाची गरज' लिहिताना हेच उपयोगी पडेल.

सुरुवात एका तुकडीपासून करा, फार जुनी नको, तीन वर्षांपूर्वीची घ्या म्हणजे निकाल लागून गेलेला असतो. यादी तयार झाली की नावं आणि गावं काढून नुसते टप्प्यांचे आकडे इथे टाका, सोबत प्रत्येक टप्पा कुठल्या महिन्यात पडला तेवढं लिहा. मी माझी जुनी वही काढून ठेवतो. तुमच्याकडची पहिली मोठी गळती आंब्यात निघते की लावणीत, ते मला बघायचंय.